१०,७०० पौंडांचा ट्रक, ६,१६० पौंडांचा ट्रेलर: वजनं जुळवतानाचा हिशेब

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या मागे लावायला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, शोधायला निघालं की सगळ्यात आधी कानावर पडतो तो टोइंग क्षमतेचा, म्हणजे ट्रक किती वजन ओढू शकतो त्याचा आकडा. आमच्या ट्रकच्या टोइंग गाइडात तो १०,७०० पौंड आहे. प्रत्यक्षात जोडी जमली ती सगळं सामान भरून ६,१६० पौंड झालेल्या ट्रेलरशी. तेवढ्या वजनालासुद्धा काट्यावर एका तोलात ट्रकचं मागचं अ‍ॅक्सल मर्यादेच्या जेमतेम १० पौंड आत होतं. मधले साडेचार हजार पौंड कुठे गेले, ते क्रमाने मांडतो आहे.

ट्रक हाफ-टन वर्गातला. म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टंड्रा ज्या पंगतीत बसतात त्या पंगतीतला. चार दारं, साडेपाच फुटी हौदा, साडेतीन लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ३.५५. ‘हाफ-टन’ या नावावर जाऊ नये. कधीकाळी हे ट्रक अर्धा टन माल वाहायचे म्हणून ते नाव पडलं आणि चिकटून राहिलं.

सुरुवात ट्रेलर विकणाऱ्याच्या लॉटवर करायची नाही. ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं आणि चौकटीवरचे दोन स्टिकर वाचायचे. पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर टायरच्या हवेच्या आकड्यांसोबत एक वाक्य असतं: प्रवासी आणि सामान मिळून वजन ७३१ किलो किंवा १,६१२ पौंडांपेक्षा कधीही जास्त नसावं. हा पेलोड. तो मॉडेलचा नसून त्या एका ट्रकचा असतो. कारखान्यातून बाहेर पडताना त्यावर जे काय बसवलं होतं ते धरून काढलेला. एकाच लॉटवर एकाच मॉडेलची तीन दारं उघडली तर साध्या ट्रिमवर १,९४०, आमच्यावर १,६१२ आणि काचेचं छप्पर, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, गार हवेच्या सीटा असलेल्यावर १,४०५. म्हणजे पैसे जास्त मोजा आणि माल कमी वाहा. शेजारच्या पांढऱ्या लेबलवर ट्रकचं भरलेलं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ७,०५० पौंड. पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ३,७५० आणि मागच्याची ४,०५०. हे चार आकडे फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच चालतो.

७,०५० मधून १,६१२ गेले की उरतात ५,४३८. पेट्रोलची टाकी भरलेली, आत माणूस नाही, असं हे ट्रकचं रिकामं वजन. पेट्रोल पेलोडमधून वेगळं वजा करायचं नसतं. बरेच जण ते दोनदा धरतात.

आता १,६१२ खर्च करायला घेऊ. माणसं चार: १७५, १४०, ९० आणि ६५, म्हणजे ४७०. हौद्यावरचं घडीचं झाकण ५५. २,२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर पेट्रोलसह ५५. बर्फ भरलेला कूलर ६०. चाकांची उटी, चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे ठोकळे आणि हत्यारांची पेटी ५०. ट्रेलर ट्रकला जोडणारं, वजन विभागणारं हिच स्वतःच ९० पौंडांचं, ते हटकून विसरलं जातं. बेरीज ७८०. उरले ८३२.

ट्रेलर हिचच्या बॉलवर, म्हणजे तो ज्यावर टेकतो त्या पोलादी गोळ्यावर, जो दाब टाकतो, ज्याला इथे टंग वेट म्हणतात, तो या ८३२ मध्ये बसायला हवा. ट्रेलर मागून ओढला जातो खरा, पण त्याचा काही हिस्सा ट्रकच्या अंगावर बसलेला असतो आणि तो हिस्सा पेलोडच्या खात्यात पडतो. टोइंग क्षमतेच्या आकड्याकडे पाहत बसणाऱ्याच्या हातून निसटते ती नेमकी ही गोष्ट. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. हिशेबाला १३ टक्के धरलेले बरे. ८३२ भागिले ०.१३ म्हणजे बरोबर ६,४००. ट्रेलर शोधायचा तो हा आकडा डोक्यात ठेवून, भरलेल्या वजनाचा. १० टक्के धरून ८,३२० म्हणणारे विक्रेते भेटतात. त्यांचं गणित चुकलेलं नसतं, पण १० टक्के ही तळाची मर्यादा आहे आणि तिच्यावर उभं राहून कोणी महामार्गावर जात नाही.

बैलगाडी हाकलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे आलं की बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरचंही तेच. टंग वेट १० टक्क्यांखाली गेलं की ट्रेलरचं शेपूट डुलायला लागतं. शेजारून मोठा सेमी ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, उतारावर वेग वाढला, की ते डुलणं एका फेऱ्यात न विरता पुढच्या फेऱ्यात वाढतं आणि ट्रकचं मागचं टोक सोबत ओढून नेतं. ‘स्वे’ म्हणतात तो हा. बैलांच्या जागी मागचं अ‍ॅक्सल ठेवा, की १५ टक्क्यांच्या वर काय होतं तेही कळतं.

मग १०,७०० हा आकडा खोटा का? तसं नाही. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या, २००८ मध्ये आलेल्या जे२८०७ या मानकानुसार तो काढतात. टोयोटाने २०११ च्या टंड्रासाठी ते मानक आधी स्वीकारलं, बाकीचे पुढच्या काही वर्षांत आले. चाचणीतली चढण ॲरिझोनातली, डेव्हिस डॅम ग्रेड म्हणून ओळखली जाणारी: ११.४ मैल, १०० अंश फॅरनहाइटच्या वरचा उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. सपाटीवर शून्यापासून ६० मैलांचा वेग ३० सेकंदांच्या आत गाठला पाहिजे. इंजिन, गिअरबॉक्स, कूलिंग या बाबतीत आकडा प्रामाणिक आहे. पण त्यात ट्रकमध्ये माणसं दोनच, दीडदीडशे पौंडांची, आणि टंग वेट १० टक्के. मुलं नाहीत, कूलर नाही, हौद्यावर झाकण नाही. ट्रक ओढू शकतो किती, याचं ते उत्तर आहे. पाठीवर घेऊ शकतो किती, हे दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. हाफ-टन ट्रकमध्ये दुसरं उत्तर नेहमी आधी संपतं.

आणखी एक मर्यादा: ट्रक आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, जीसीडब्ल्यूआर. आमच्या इंजिन आणि रेशोच्या जोडीला ते १६,१०० आहे. भरलेला ट्रक ५,४३८ अधिक ७८० म्हणजे ६,२१८. ते वजा केले की ट्रेलरसाठी राहतात ९,८८२. तिथेच १०,७०० मधले आठशे गेले. बाकीचे पेलोडने खाल्ले.

आता लॉटवर. पहिला ट्रेलर आवडला तो २८ फुटी, बंक बेडवाला, बाजूला सरकणारी खोली असलेला. पुढच्या काचेवर ‘हाफ-टन टोएबल’ असा भला मोठा स्टिकर. ब्रोशरमध्ये ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, ६,०८०, हिच वेट, म्हणजे टंग वेटच, ६९०, कमाल वजन ७,७००. ड्राय वेटवर निवडणं म्हणजे नवरदेवाला उपाशीपोटी तोलून घोडा ठरवण्यासारखं. त्यात पाणी नाही, बॅटरी नाही, एक चमचासुद्धा नाही. कुटुंबाचा ट्रेलर ड्राय वेटच्या वर हजार-बाराशे पौंड सहज चढतो. ७,२०० धरले तरी १३ टक्क्यांनी ९३६. आमच्याकडे ८३२. स्टिकरवर कोणाचा हाफ-टन ट्रक, किती माणसांचा, हे लिहिलेलं नसतं.

दुसरा २५ फुटी. ब्रोशरमध्ये ४,८५०, हिच वेट ५२०. पण ब्रोशरपेक्षा ट्रेलरवरची लेबलं खरी. पुढच्या डाव्या बाजूला व्हीआयएनच्या, म्हणजे ओळख क्रमांकाच्या, लेबलवर कमाल वजन ६,५००, दोन अ‍ॅक्सल प्रत्येकी ३,५०० चे. दाराजवळच्या पिवळ्या लेबलवर सामानाची मर्यादा १,५०५. म्हणजे या विशिष्ट ट्रेलरचं कारखान्यातून निघतानाचं वजन ४,९९५. ब्रोशरच्या वर १०५ पौंड जादा बसवलेल्या वस्तूंचे आणि ४० पौंड दोन सिलिंडरमधल्या प्रोपेनचे. त्याच लेबलवर टाकी भरली तर पाण्याचे किती पौंड होतात तेही छापलेलं असतं. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ३० गॅलनची टाकी, म्हणजे २५०.

या ट्रेलरचं कमाल वजन ६,५००, आपली मर्यादा ६,४००. शंभरचा फरक. कमाल वजनावरच निवड करावी, म्हणजे पुढे काहीही भरलं तरी चिंता नाही, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. आम्ही शंभर पौंडांपुरती सूट घेतली, ती काट्यावर तपासायच्या अटीवर.

सामान अंदाजाने धरायचं नाही. न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणायचा, क्रेट हातात घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, कढई, ताटं-वाट्या, २० पौंडी कणकेची पिशवी, तांदूळ, डाळी, डबे: २१०. कपडे आणि अंथरूण-पांघरूण १८०. घडीच्या खुर्च्या, टेबल, बाहेरची चटई १२०. पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, ३० अँपची जाड वायर आणि सटरफटर ११०. चार सायकली आणि खेळण्यांची पेटी १७०. झाले ७९०. सहा व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या १२५. पाणी २५०. ४,९९५ मध्ये हे मिळवलं की ६,१६०.

सायकली प्रवासात ट्रेलरच्या आत, अ‍ॅक्सलच्या वर, जमिनीला बांधून. मागच्या बंपरवर स्टँड लावायचा मोह होतो. तो टाळायचा. एक तर ट्रेलरचा मागचा बंपर बहुतेकदा सांडपाण्याचा पाइप ठेवायचा पत्र्याचा चौकोनी डबा असतो, त्याला दणके सोसत नाहीत. दुसरं म्हणजे अ‍ॅक्सलच्या दहा-बारा फूट मागे लटकवलेले सव्वाशे पौंड टंग वेटमधून ८०-९० पौंड उचलून नेतात. गाडी उलाळायची ती अशीच.

टंग वेट ब्रोशरच्या ५२० वरून किती वर जातं, ते टाक्या आणि बॅटऱ्या कुठे आहेत त्यावर. बॅटऱ्या आणि सिलिंडर हिचजवळच्या तिकोनी फ्रेमवर असतात, त्यांचं वजन जवळजवळ सगळंच बॉलवर येतं. पुढच्या आरपार कप्प्यात भरलेलं सामानही बरंचसं तिथेच. पाण्याची टाकी मात्र दर ट्रेलरला वेगळ्या जागी, वाकून खाली बघावं लागतं. या ट्रेलरची अ‍ॅक्सलच्या चार फूट पुढे आहे. बॉलपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत १६ फूट, म्हणून टाकीतल्या पाण्याचा चौथा हिस्सा, साठेक पौंड, बॉलवर. सांडपाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या तीन फूट मागे. ती ३० गॅलन भरली की बॉलवरचे ४७ उचलले जातात. परतीच्या वाटेवर पुढची रिकामी, मागची भरलेली, असं झालं तर ८०० चे ६९० होतात. ट्रेलर तितक्याच वजनाचा, टक्का १३ वरून ११.२. दहाच्या वर आहे म्हणून चालतं. निघताना ११ वर असता तर परतताना दहाच्या खाली गेला असता. यासाठीच सांडपाणी कॅम्पग्राउंडवरच सोडून निघायचं.

हिच निवडताना ट्रकच्या रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच ज्यात बसतं त्या मागच्या चौकोनी नळीवरचं, लेबल वाचायचं, त्यावर दोन जोड्या असतात. आमच्यावर नुसत्या बॉलसाठी ट्रेलर ५,००० आणि टंग वेट ५००. वजन विभागणारं हिच वापरलं तर १०,७०० आणि १,०७०. नुसत्या बॉलवर ८०० पौंड ठेवायची परवानगीच नाही. हे लेबल न बघता बॉल लावून निघणारे रोज दिसतात. मागून ट्रक बसलेला, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर.

ऊसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर पुढची चाकं हवेत उचललेला ट्रॅक्टर महाराष्ट्रात कोणी पाहिला नाही असं होणार नाही. ट्रॉलीचा भार मागच्या चाकांच्या मागे पडतो, मागचं चाक टेकू होतं, तोंड वर येतं. पिकअपमध्ये चाकं उचलली जात नाहीत, एवढाच फरक. पुढचा भार कमी झाला की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही हलके पडतात. वजन विभागणाऱ्या हिचचं काम हे तोंड परत खाली दाबायचं. हिचच्या डोक्यातून निघालेल्या दोन पोलादी दांड्या ट्रेलरच्या फ्रेमला साखळीने किंवा कंसाने ताणून बांधतात. त्या ताणाने मागच्या अ‍ॅक्सलवरचा थोडा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. दांड्यांची क्षमता टंग वेट अधिक हौद्यातलं अ‍ॅक्सलच्या मागचं सामान धरून घ्यायची. आम्ही १,००० च्या घेतल्या. गरजेपेक्षा फार जाड दांड्या वाकतच नाहीत, मग दर खड्ड्याला फ्रेमला हादरा बसतो.

बसवताना सपाट जागा आणि टेप. ट्रक भरलेला, ट्रेलर सुटा: पुढच्या चाकाच्या कमानीपर्यंत जमिनीपासून ३७ १/४ इंच. ट्रेलर बॉलवर, दांड्या सुट्या: ३८ १/४. म्हणजे तोंड एक इंच वर. दांड्या ताणल्यावर ३७ ३/४ यायला हवं, कारण गेलेल्या भारातला निम्मा परत आणा असं आमच्या ट्रकचं मॅन्युअल सांगतं. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, तो आपल्या मॅन्युअलातूनच घ्यायचा. पुरा परत आणला तर जास्त बरं असं वाटतं, पण मग मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर ट्रकचं मागचं टोक आधी सुटतं. पहिल्यांदा माप ३८ वर अडलं. साखळीची एक कडी आणखी ओढली तर दांड्या फारच कडक. उपाय साखळीत नव्हता: हिचच्या डोक्याचा कोन मागे कलवायचा, त्यासाठी आतल्या पिनेवर एक वॉशर वाढवली आणि त्याच कडीवर माप उतरलं. शेवटी ट्रेलर बाजूने बघायचा. तो समतल किंवा नाक किंचित खाली. नाक वर असेल तर ट्रेलरच्या मागच्या अ‍ॅक्सलवर भार वाढतो आणि डुलणंही. बॉल २ ५/१६ इंची, त्याचा नट बॉल बनवणाऱ्याने सांगितलेल्या टॉर्कला. जाड शँकच्या बॉलला तो ४५० फूट-पौंडांपर्यंत असतो, घरच्या पान्याने होत नाही.

दांड्या चढवताना आणि उतरवताना आधी ट्रेलरच्या जॅकने बॉलसकट ट्रकचं मागचं टोक उचलायचं, म्हणजे साखळी सैल पडते. ताणलेल्या साखळीचा कंस नुसत्या पान्याने सोडायला गेलं तर पाना उलटा येतो तो थेट नडगीवर किंवा तोंडावर. पाइप लांब घ्यायचा आणि त्याच्या फेऱ्याच्या रेषेत उभं राहायचं नाही.

मग काटा. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल असतात, पिवळ्या-काळ्या पाटीचे. साखर कारखान्याच्या काट्यासारखाच लांब, पण ओळीने वेगवेगळे तुकडे असलेला, म्हणून एकाच वेळी प्रत्येक अ‍ॅक्सलचा आकडा वेगळा मिळतो. पहिल्या तुकड्यावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. उतरून बघायचं: ट्रकचं मागचं चाक आणि ट्रेलरचं पुढचं चाक एकाच तुकड्यावर नाहीत ना. बोलायचं बटण सेमीच्या केबिनच्या उंचीला असतं, पिकअपमधून हात पोचत नाही. आतली व्यक्ती विचारते, पहिला तोल की पुन्हा, आणि ट्रकचा नंबर काय. खासगी गाडी सांगायचं. पहिल्या तोलाला साधारण १५ डॉलर, त्याच काट्यावर २४ तासांत पुन्हा केला तर अगदी थोडे. फोनवरच्या ॲपनेही होतं.

तीन तोल लागतात. तिन्हींत माणसं तीच, त्याच जागी. पेट्रोल मध्ये भरायचं नाही. मुलं दोन तोलांच्या मध्ये दुकानात पळाली तर टंग वेट दीडशे पौंडांनी चुकतं आणि चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

पहिला तोल, दांड्या ताणलेल्या: पुढे ३,१६०, मागे ३,७२०, ट्रेलर ५,५००. एकूण १२,३८०. दुसरा, काट्याच्या आवारातच दांड्या सोडून: पुढे २,९८०, मागे ४,०४०, ट्रेलर ५,३६०. एकूण तेवढेच. तिसरा, ट्रेलर पार्किंगमध्ये उभा करून नुसता ट्रक, हिचचं डोकं आणि दांड्या ट्रकवरच: पुढे ३,३३०, मागे २,८९०, एकूण ६,२२०.

दुसऱ्या तोलातला ट्रक ७,०२०, तिसऱ्यातला ६,२२०. फरक ८००, तेच टंग वेट. ट्रेलरचं पूर्ण वजन ५,३६० अधिक ८०० म्हणजे ६,१६०. टक्का १३. कागदावरचा हिशेब आणि काटा इतके जुळले ते क्रेट तोलल्यामुळे. नुसत्या अंदाजावर तीन-चारशेंचा फरक पडतो, आणि नेहमी वरच्या बाजूला. ट्रेलर लागल्यावर पुढचे ३५० गेले होते, दांड्यांनी १८० परत आणले. निम्म्याहून जरा जास्त. टेपने सांगितलं तेच काट्याने सांगितलं. मागचं अ‍ॅक्सल दांड्यांशिवाय ४,०४०, मर्यादा ४,०५०. दांड्यांनी ३२० उतरवले, आता ३,७२०. त्यातले १८० पुढे, १४० ट्रेलरच्या चाकांवर. ट्रक ६,८८०, मर्यादा ७,०५०. चारी मर्यादांच्या आत, तरी सर्वांत कमी जागा उरली ती ट्रकच्याच एकूण वजनात, १७० पौंड. सगळ्यात जास्त उरली जीसीडब्ल्यूआरमध्ये: ३,७२०. जाहिरात ज्या बाजूची करतात तिथे जागाच जागा.

हे १७० वाढवायला विकल्या जाणाऱ्या वस्तू बऱ्याच आहेत. मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवल्या की ट्रक सरळ उभा दिसतो, पण पुढचा भार परत येत नाही आणि दारावरचा आकडा बदलत नाही. उलट टेपवरचं माप फसवं होतं. जाड एलटी (लाइट ट्रक) टायरने डोलणं कमी होतं, हे खरं, पेलोड मात्र वाढत नाही. पेलोड वाढवायचा एकच मार्ग, दुसरा ट्रक. तिथेही दार उघडूनच: पाऊण टनाचा पेट्रोल ट्रक ३,००० च्या आसपास देतो, पण तोच डिझेल इंजिनात, जड इंजिन आणि १०,००० ची कमाल मर्यादा यांमुळे, २,००० च्या आसपास उतरलेला दिसतो.

ब्रेकचं थोडक्यात. ट्रेलरच्या चाकांना विजेचे ब्रेक, ते सात पिनच्या जोडणीतून आणि ट्रकमधल्या कंट्रोलरमधून चालतात. किती वजनापासून ते सक्तीचे, हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड, टेक्सासात ४,५००. सहा हजारांच्या ट्रेलरला तो प्रश्नच उरत नाही. सुन्या पार्किंगमध्ये ताशी २०-२५ मैलांवर फक्त कंट्रोलरवरचा हाताचा दांडा दाबून गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, वाढवत न्यायचा, चाकं अडली की थोडा खाली. ब्रेक गरम झाल्यावर पुन्हा एकदा. ट्रेलर डुलायला लागला तर हाच दांडा कामी येतो: पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, दांडा हलकेच दाबायचा. ट्रकचा ब्रेक मारला की ट्रेलर आणखी ढकलतो. जोडणी तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक लावणारी बारीक तार रिसीव्हरला अडकवायची, सुरक्षेच्या साखळीला कधीच नाही. साखळ्या जोडणीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या.

ट्रेलरचे टायर एसटी२०५/७५आर१४, लोड रेंज सी. ५० पीएसआयला प्रत्येकी १,७६०, चार मिळून ७,०४०. अ‍ॅक्सलवर ५,५०० आहेत, पण डावी-उजवी बाजू सारखी नसते, स्वयंपाकघराची बाजू जड. म्हणून हवा थंड टायरमध्ये पूर्ण ५०, कमी करून मऊ चालवायची नाही. कमी हवेचा एसटी टायर आतून तापतो आणि कडेने फाटतो. बाजूवरचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. खाच चांगली असली तरी जुने टायर बदलायचे. यांतले काही ताशी ६५ मैलांपुरतेच बनवलेले असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायदाच ५५ चा आहे.

डोंगरात साधं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के दम गमावतं, टर्बोला त्याचा त्रास पुष्कळ कमी. चढ जमला तरी उतार वेगळा. ओझं ओढतानाचा टो-हॉल मोड लावला की गिअर स्वतःहून खाली येतो आणि इंजिन वेग धरून ठेवतं. इंजिनाचा आवाज ३,५००-४,००० फेऱ्यांवर गेला की घाबरून मोड बंद करू नये. मायलेज निम्म्यावर येतं. एरवी गॅलनला २० मैल देणारा ट्रक नऊ-दहा देतो, आणि त्याला वजनापेक्षा ट्रेलरचं सपाट कपाळ जास्त जबाबदार.

निघायच्या दिवशी चाकांचे नट टॉर्क रेंचने. ट्रेलरच्या अॅल्युमिनियम चाकांना साधारण ९० ते १२० फूट-पौंड, आपल्याला लागू तो मॅन्युअलातून. नव्या चाकांचे नट पहिल्या काही मैलांत बसतात आणि ढिले पडतात. ५० मैलांवर थांबून पुन्हा, १०० वर आणखी एकदा. त्याच थांब्यावर टायरच्या बगलेला आणि चाकाच्या मध्याला हात लावून बघायचा. चारांतलं एकच जास्त तापलेलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंगला ग्रीस कमी आहे, आणि ते तिथेच उघडून बघावं लागतं.